तेरवीनंतरचं घर

घरातल्या कुणी आत्महत्या केली की पहिले तेरा दिवस त्या घरी माणसांची रीघ असते. सोयरे येतात, गावातले येतात, तलाठी येऊन जातो, पोलीस जबाब घेऊन जातात. ओसरीवर सतरंजी पसरलेली असते, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येत असते. मग तेरवी होते, पाहुणे एसटी गाठतात, सतरंजी गुंडाळली जाते. चौदाव्या दिवशी घरात तिशीतली एक बाई, दोन लेकरं आणि म्हातारी सासू एवढीच माणसं उरतात. मदतीची खरी गरज त्या दिवशी सुरू होते आणि आपण जायचं थांबतो तेही त्याच दिवसापासून.

अशा घरासाठी नातेवाईक, शेजारी, मित्र म्हणून काय करता येतं ते या लेखात सांगायचं आहे. त्याला जोडून दुसरी गोष्टही सांगायची आहे: आपल्याच माणसाला आलेलं नैराश्य वेळेत कसं ओळखायचं. हे दोन विषय वेगळे नाहीत. ज्यांनी आपलं माणूस आत्महत्येने गमावलं, त्यांच्या स्वतःच्या मनात मरणाचे विचार येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे अशा घराला धीर देणं म्हणजे पुढची आत्महत्या टाळणंही असतं.

हा प्रश्न फक्त शेतकऱ्यांचा आहे, अशी आपली समजूत झाली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. शेतकरी आणि शेतमजूर मिळून राज्यातला आकडा ४,२४८ होता. उरलेल्या अठरा हजारांहून अधिक जणांमध्ये गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत, रोजंदारीवर जाणारे आहेत, नोकरदार आहेत. यवतमाळच्या वाडीवरचं घर आणि पुण्यातल्या सोसायटीतला फ्लॅट, दोन्हीकडे दुःखाचा भार सारखाच. फ्लॅटमध्ये एवढंच होतं, की ‘हार्ट अटॅकने गेले’ असं सांगून दार लावून घेता येतं.

आता भेटायला गेल्यावर काय होतं ते बघा. बायकांच्या घोळक्यात गेलेल्याची बायको भिंतीला टेकून बसलेली असते. नवीन कुणी आलं की गळ्यात पडून रडणं होतं आणि मग हलक्या आवाजात प्रश्न येतो, ‘काही बोलाचाली झाली होती का गं?’ ती मान हलवते. थोड्या वेळाने दुसरी येते, पुन्हा तोच प्रश्न. मग चुलत सासू विचारते, ‘तुला काहीच कसं कळलं नाही?’ विचारणारीच्या मनात काही वाकडं नसतं, पण ऐकणारीला दिवसभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. हा प्रश्न विचारू नका. दुसरं कुणी विचारत असेल तर विषय बदला, तिला पाणी द्यायच्या निमित्ताने आत घेऊन जा. कारणं शोधण्याचं काम पोलीस करतात, ते आपलं नाही.

‘एवढ्या टोकाला जायला नको होतं’, ‘लेकरांचा तरी विचार करायचा’, ‘भित्रा निघाला’ ही वाक्यंही उंबऱ्याबाहेरच ठेवा. काय बोलावं सुचत नसेल तर तसंच सांगावं: ‘काय बोलू ते कळत नाही गं, पण मी येत जाईन.’ आणि खरोखर जावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायलाही लोक बिचकतात. तुम्ही घ्या. त्याच्या हातची पेरणी कशी साधायची, पोळ्याला बैल कसे सजवायचा, भावाच्या लग्नात किती राबला, ते बोला. शेवटच्या दिवसाने त्याचं सगळं आयुष्य पुसलं गेलेलं नाही, हे घरच्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

शोक सगळ्याच मरणांचा असतो, पण या शोकात ‘का?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. बायकोला वाटतं, सकाळी मी पैशावरून बोलले म्हणून. बापाला वाटतं, मी मोटारसायकलला नाही म्हटलं म्हणून. आईला वाटतं, रात्री त्याने दोनदा हाक मारली होती, मी उठायला हवं होतं. इथे तुम्हाला एक गोष्ट पक्की माहीत हवी: आत्महत्येचं कारण कधीच एकच नसतं. कर्ज, नापिकी, आजारपण, दारू, अपमान, एकटेपणा यांचा गुंता बऱ्याच काळापासून झालेला असतो आणि अनेकदा त्याच्या तळाशी कुणी न ओळखलेलं नैराश्य असतं. शेवटचं भांडण हे फक्त शेवटचं असतं म्हणून लक्षात राहतं. हे घरच्यांना सांगा. एकदा सांगून भागणार नाही, दर भेटीत सांगावं लागेल.

दुःखाबरोबर रागही येतो. ‘मला एकटीला टाकून गेला’ असं ती म्हणाली तर ‘मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये’ म्हणून तिला गप्प करू नका. नवरा दारू पिऊन मारहाण करणारा असेल तर थोडं सुटल्यासारखंही वाटतं आणि तसं वाटल्याची लाज तिला आतून पोखरते. हेही ऐकून घेणारं कुणी हवं. अकाली मृत्यू झाला म्हणून नारायण-नागबळी करायला सांगणारेही भेटतात. विधी करून कुटुंबाच्या मनाला शांती मिळत असेल तर त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी आणखी कर्ज काढू देऊ नका. आधीच्या कर्जाचे हप्ते अजून उभे आहेत.

मरणाचा फोटो, चिठ्ठी, घटनास्थळाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला काढून टाकायला लावा. कशा पद्धतीने मरण आलं याची चर्चा तर अजिबात नको. त्या चर्चेने खचलेल्या दुसऱ्या माणसाला वाट दाखवल्यासारखं होतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे.

मुलांकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सहा वर्षांच्या मुलीला सांगितलं, तर ती रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन बसते आणि महिन्याभरात शाळेतल्या कुणा पोराकडून तिला खरं कळतं, तेही टोमण्यातून. तिला घरच्या माणसानेच, तिच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं सांगावं. उदाहरणार्थ: ‘बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता. त्यात त्यांना मरावंसं वाटलं आणि ते मेले. ते आता परत येणार नाहीत. पण यात तुझी काहीच चूक नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. लहान मुलांना वाटत असतं, की आपण हट्ट केला म्हणूनच हे झालं. आणि तेरवीला बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर नवी टोपी ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता’ म्हणतात ना, ते कृपा करून थांबवा. विधी करायचा तर करा, पण ते वाक्य नको. तो रडायचं बंद करतो, शाळा सोडून ट्रॅक्टरवर जायला लागतो आणि लोक त्याला शहाणा पोरगा म्हणतात. त्याच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटा, काय झालं ते सांगा, वर्गात कुणी चिडवणार नाही याकडे लक्ष द्यायला सांगा.

सरकारी कामांत एक माणूस पूर्णवेळ लागतो आणि ती धावपळ शोकात बुडालेल्या बाईला जमत नाही. पुतण्या, मेहुणा, शेजारचा शिकलेला पोरगा, कुणीतरी एकाने हे अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या चार-पाच प्रती काढाव्यात. पोलीस ठाण्यातून अकस्मात मृत्यूच्या नोंदीची व पंचनाम्याची प्रत आणि शवविच्छेदन अहवाल मिळवून एका फाइलमध्ये लावावा, कारण पुढे प्रत्येक टेबलावर तो मागतात. शेतकरी असेल तर तहसीलदाराच्या अहवालावरून जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. जमीन स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, हे समिती बघते. म्हणून सातबारा आणि कर्जाचे कागद आधीच तयार ठेवावेत. शेतकरी अपघात योजनेचा अर्ज भरून कुणी पैसे उकळत असेल तर सावध राहा, त्या योजनेत आत्महत्या बसत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात आणि तिथे मरणाचं कारण आड येत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही त्याच तहसीलमध्ये करता येतो. आयुर्विम्याची पॉलिसी निघून, किंवा बंद पडलेली पुन्हा सुरू होऊन, १२ महिने उलटले असतील तर ‘आत्महत्येला विमा मिळत नाही’ हे म्हणणं चूक आहे. एजंटच्या तोंडी नकारावर थांबू नका, दावा लेखी दाखल करा.

वारस नोंदीचं काम सर्वांत नाजूक. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्श्यात पत्नी, मुलं-मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क असतो. दीर ‘नंतर बघू’ म्हणतात, कोऱ्या कागदावर अंगठा मागतात, माहेरी पाठवतो म्हणतात. बाई शुद्धीत नसल्यासारखी असते त्या दिवसांत तिने कोणत्याही कागदावर सही करू नये, एवढं तरी तिच्या भावाने बघावं. कर्जाचंही तसंच: वारसावर येणारी जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुलीवाला दारात येऊन बाईच्या अंगावरचे दागिने मागत असेल तर त्याला तसा हक्क नाही. तिच्या बाजूने उंबऱ्यात कुणीतरी उभं राहायला हवं.

आणि तिचं माणूसपण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं. २०१९ साली यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्यांच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली होती आणि त्या त्याच जिल्ह्यातल्या. हळदीकुंकवाला तिला बोलावणं हे तुमच्या हातात आहे, त्याला शासन निर्णय लागत नाही. पोळा, दिवाळी, त्याचा वाढदिवस, वर्षश्राद्ध हे दिवस फार जड जातात. तारखा लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा.

आता जिवंत माणसाबद्दल. आपल्याकडे कुणी ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ‘कशातच मन लागत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘जीव घाबरतो’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’, ‘लई टेन्शन आहे’ असं म्हणतात. पुष्कळदा एवढंही म्हणत नाहीत, नुसतं अंग दुखतं. कंबर, डोकं, ॲसिडिटी, छातीत धडधड. तपासण्या चांगल्या येतात, सलाईन लावून घेतात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. गोव्यात झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या त्रासाचं मूळ जंतुसंसर्गात नसून मनावरच्या ताणात असतं. पुरुषांमध्ये नैराश्य रडून दिसत नाही. चिडचिड, पोरांवर हात उगारणं, वाढलेली दारू या रूपात दिसतं. घरातले त्याला ‘माजलाय’ म्हणतात.

बदल बघायचा असतो. रोज संध्याकाळी पारावर बसणारा माणूस घरातच भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कापसाचा भाव काय निघाला ते विचारत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. ताटात भाकरी तशीच राहते, किंवा उलट खाणं एकदम वाढतं. दाढी करत नाही, कपडे बदलत नाही. साधा निर्णय होत नाही, फवारणी आज करू की उद्या यात आठवडा जातो. ‘मी कुणाच्याच कामाचा नाही, सगळ्यांना माझा भार झालाय’ असं बोलतो. मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्याच्या जोडीने यातल्या काही गोष्टी, हे दोन आठवडे जवळपास रोज चाललं असेल तर तो आजार आहे, डॉक्टरला दाखवायचा आजार. म्हाताऱ्या माणसांमध्ये विसरभोळेपणा म्हणून, बाळंतिणीत अशक्तपणा म्हणून, कॉलेजच्या पोरात आळस म्हणून हेच अंगावर काढलं जातं.

यापुढची काही लक्षणं दिसली तर एक दिवसही थांबू नये. मरणाबद्दल बोलणं, थट्टेत का होईना. ‘माझ्यानंतर’ अशी भाषा. उसनवारी घाईने चुकती करणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, लांबच्या बहिणीला अवेळी फोन करून ‘सांभाळून राहा’ म्हणणं. कित्येक दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणं, ज्याला घरचे ‘आता सुधारला’ समजतात. आणि पूर्वी कधी आत्महत्येचा प्रयत्न झालेला असणं, हा तर सर्वांत मोठा इशारा. ‘बोलतो तो करत नाही’ ही समजूत मनातून काढून टाका. करणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी सांगितलेलं असतं.

मग सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसेल ही भीती निराधार आहे; उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट बोलायला मिळाल्याने माणूस हलका होतो. बांधावर, गाडीवर जाताना, जेवण झाल्यावर अंगणात, दोघंच असाल तेव्हा: ‘दादा, एवढं सगळं अंगावर आलंय, कधी जीव द्यावासा वाटतो का?’ आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. ‘हो’ आलं तर शपथा घालू नका, ‘लेकरांकडे बघ’ म्हणू नका, ‘लोकांना याहून मोठी दुःखं असतात’ हेही नको. ‘बरं झालं मला सांगितलंस’ म्हणा. कधीपासून, रोज येतो का, काही ठरवलंय का, ते विचारा. ‘कुणाला सांगू नको’ असं त्याने म्हटलं तरी तसा शब्द देऊ नका.

त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. शेतीची औषधं, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि त्याने बोलून दाखवलेली कुठलीही वस्तू त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी, शक्यतो दुसऱ्याच्या घरी, कुलपात न्या. मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळ टिकते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप घटलं, ते याच कारणाने. फवारणीच्या हंगामात दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून औषधं एका कुलूपबंद पेटीत ठेवायची, असं कोणत्याही गावाला आजपासून करता येईल.

प्रयत्न झालाच असेल तर आधी दवाखाना गाठा. ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे तास दोन तास घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे आणि त्याची काळजी घेण्याचं कर्तव्य शासनावर टाकलं आहे. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, ती रीत आहे, त्याने घाबरू नका.

उपचार कुठे? गावात आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला शासकीय मनोरुग्णालयं आहेत. मनोरुग्णालय म्हटलं की माणूस बिथरतो, पण नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावं लागत नाही, गोळ्या आणि समुपदेशनावर ते घरी राहून बरे होतात. गोळ्यांबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर कमी करत आणतील. सुरुवातीच्या आठवड्यांत मन अजून तसंच काळवंडलेलं आणि अंगात मात्र थोडी ताकद आलेली, अशी अवस्था येऊ शकते, तेव्हा घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. गोळ्या एकाने आपल्याकडे ठेवून रोजच्या रोज द्याव्यात.

एवढं करून फरक पडतो का? अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नैराश्याची माहिती दिली, समुपदेशन गावात आणलं, गरज पडेल त्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळवून दिला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेलं, आणि मरणाचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. हे २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध झालेलं आहे. ते काम करणारी बरीचशी माणसं डॉक्टर नव्हती.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री कधीही, मोफत, मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास होतो त्यानेच फोन करावा असं नाही. ‘माझ्या भावाचं असं असं चाललंय, मी काय करू?’ असंही विचारता येतं, आणि नवऱ्याच्या मरणानंतर सहा महिन्यांनी झोप उडालेल्या बाईलाही. पुण्यातली ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्येने माणूस गमावलेल्या कुटुंबांसोबत काम करते. ठाण्याची ‘आयपीएच’ ही संस्था मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात १९९० पासून आहे.

तुमच्या नात्यात, गल्लीत, सोसायटीत गेल्या दोन वर्षांत असं एखादं घर झालं असेल. या रविवारी तिथे जा. निमित्त शोधू नका, काही नेलं नाही तरी चालेल. तासभर बसा, त्याचं नाव घ्या, मुलांच्या शाळेचं विचारा, वारस नोंद झाली का ते बघा, आणि निघताना १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घालून द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.